बफी दोनदा मेली, झीना त्याहून जास्त, क्लारा तर मोजावी किती : नायिकेच्या मरणाला वजन उरतं का?

केतकीपान
आधीच सांगते, या धाग्यात स्पॉइलर असणारच. बफी (व्हॅम्पायर मारणारी मुलगी), झीना (लढवय्यी नायिका), डॉक्टर हू (क्लारा यातली) या इंग्रजी मालिकांतलं काही बघायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.

बफी मी पहिल्यांदा पाहिली ती होस्टेलवर, एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर. सहा जणी एका पलंगावर दाटीवाटीने. पाचवा सीझन संपला त्या रात्री आमच्यातली एकही जेवली नाही. मेस बंद व्हायची वेळ झाली तरी कुणाला उठवेना. धाकट्या बहिणीच्या रक्ताने दुसऱ्या जगांचं दार उघडलंय, रक्त थांबल्याशिवाय ते मिटणार नाही, आणि आपलं रक्तही तेच आहे हे बफीच्या लक्षात येतं. मग ती त्या मनोऱ्यावरून धावत जाते आणि उडी टाकते. खाली पहाटेच्या उजेडात सगळे नुसते उभे.

आता लेकीबरोबर परत बघतेय. लेक १५ वर्षांची. परवा तोच भाग लावला. मी हातात रुमाल घेऊन बसलेली, ती शांत. संपल्यावर म्हणाली, "आई, अजून दोन सीझन दिसतायत ना इथे? मग येणारच की ती परत. तू कशाला रडतेस?" आणि दात घासायला गेली.

तिचं चुकलं असं नाही म्हणणार, पण मला ते लागलं. म्हणून दोन प्रश्न. नायिका मरून मरून उठत असेल तर तिच्या मरणाला काही वजन उरतं का? आणि दुसरा घरगुती : सहावा सीझन लेकीला दाखवू की इथेच थांबू? तो जड आहे, तुम्हाला माहीतच आहे.

माझं मत : वजन उरतं, पण परत आल्याची किंमत मालिकेने नायिकेकडून वसूल केली तरच. बफीने ती केली. तुमचं सांगा.

निशाचर
इथेच थांबा. २२ मे २००१, शंभरावा भाग, थडग्यावर तिने जग खूपदा वाचवलं असं कोरलेलं. तोच शेवट. पुढचे दोन सीझन वाहिनी बदलली म्हणून आले.

बोरकूट
निशाचर, वाहिनी बदलली हे खरं. डब्ल्यूबीने सोडली, यूपीएनने घेतली. पण ती बातमी एप्रिलमध्येच बाहेर आली होती, म्हणजे शंभरावा भाग दाखवायच्या आधी. तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकांनाही मालिका पुढे चालणार हे ठाऊक होतं. केतकीच्या लेकीला ॲपमध्ये जे दिसलं तेच त्यांना बातम्यांतून कळलं होतं, आणि तरी लोक रडलेच. तेव्हा 'माहीत असतं म्हणून वजन जातं' हे मला पटत नाही.

टिकलीताई
आमच्या घरी हा वाद जुना आहे. 'क्योंकि'मधला मिहीर गेला तेव्हा सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तो परत आला तेव्हा त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. उलट त्या चिडल्या. म्हणाल्या, माझं रडणं फुकट घालवलं. पुढे कुणी मेलं की त्या भाजी निवडत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत. केतकी, तुझी लेक आणि माझ्या सासूबाई एकाच ठिकाणी पोचल्यात असं मला वाटतं.

केतकीपान
टिकलीताई, 'माझं रडणं फुकट घालवलं' हे वाक्य मी जपून ठेवते. नेमकं हेच म्हणायचं होतं मला.

गवतीचहा
शेवंता पण! दुसऱ्या भागात गेली, तिसऱ्या भागात हजर.

बोरकूट
शेवंताचं वेगळं आहे हो. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये ती जिवंत होऊन येत नाही, भूत होऊन येते. मेलेली ती मेलेलीच राहते. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, माणूस परत येणं आणि त्याचं भूत येणं यात ती गल्लत करणार नाही. हा धागा उठून बसणाऱ्यांचा आहे.

जुनाखोड
उठून बसणाऱ्यांचा विषय निघाला तर आपल्याकडे कच आहे की. महाभारताच्या आदिपर्वातला. देवांनी त्याला शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला पाठवले. असुरांनी त्याला तीनदा मारले. पहिल्यांदा तुकडे करून लांडग्यांना घातला, दुसऱ्यांदा वाटून समुद्राच्या पाण्यात कालवला, तिसऱ्यांदा जाळून त्याची राख मद्यात घालून ती शुक्राचार्यांनाच पाजली. तिन्ही वेळा देवयानीने बापाकडे हट्ट धरला आणि तिन्ही वेळा तो उठला.

लहानपणी आजोबांकडून ऐकताना मला तिसरी खेपच सर्वांत आवडायची. पहिल्या दोन वेळी मंत्र म्हटला, पोरगा आला, काम झाले. तिसऱ्यांदा तो पोटात आहे. तो बाहेर आला तर गुरू मरणार. म्हणून गुरू त्याला पोटात असतानाच विद्या शिकवतात, तो पोट फाडून बाहेर येतो आणि मग गुरूंना जिवंत करतो. नंतर देवयानी लग्नाचे विचारते तेव्हा तो म्हणतो, मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, तू माझी बहीण झालीस. जिने तीनदा परत आणले तिलाच तो कायमचा दुरावला. ती शाप देते : तुझी विद्या तुला फळणार नाही.

केतकीताई, तुमची 'किंमत वसूल' ती हीच ना?

केतकीपान
जुनाखोड काका, अगदी हीच. आणि बघा, बफीतही परत आणणारी विलो ही जिवलग मैत्रीणच आहे, आणि त्या कामानेच दोघींच्यात दरी पडते. ही जोडी मला कधी दिसली नव्हती.

दगडफूल
झीनाबद्दल कुणीच बोलेना, म्हणून आले.

झीना किती वेळा मेली हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, आठवीत असताना. दुसऱ्या सीझनमध्ये मेली आणि तिचा आत्मा ऑटोलिकसच्या अंगात शिरला. तो चोर तिच्यासारखं चालायचा, तिच्यासारखं बघायचा. लहानपणी गंमत वाटली होती. मोठेपणी कळलं की ल्युसी लॉलेस ऑक्टोबर १९९६ मध्ये घोड्यावरून पडून तिचं ओटीपोटाचं हाड मोडलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या नटीची नायिका मालिकेत चालवायची कशी, तर दुसऱ्याच्या अंगात घालून! हे कळल्यापासून ते भाग मी वेगळ्याच मायेने बघते.

चौथ्या सीझनच्या शेवटी झीना आणि तिची सोबतीण गॅब्रिएल दोघी क्रुसावर. त्यातूनही परतल्या.

आणि मग शेवट, जून २००१. बफीने उडी मारली त्याच्या महिनाभरानंतर. जपानमध्ये झीनाच्या हातून पूर्वी लागलेल्या आगीत ४०,००० माणसं मेली होती, त्यांचे आत्मे अडकलेत. त्यांना सोडवायला ती मरते. गॅब्रिएल तिची रक्षा घेऊन फुजी पर्वतावरच्या झऱ्यापाशी पोचते, सूर्य बुडायच्या आत रक्षा पाण्यात टाकली की झीना परत. आणि झीना तिचा हात धरते. नको म्हणते. आत्मे मोकळे व्हायचे तर मला मेलेलंच राहावं लागेल.

मी पंचवीस वर्षं त्या शेवटावर चिडलेली आहे. इतक्या वेळा परत आणलीत, आणि नेमकी जेव्हा शेजारी झरा आहे, रक्षा हातात आहे, तेव्हा नाही म्हणता!

निशाचर
दगडफूल, पण पंचवीस वर्षं तुम्ही ते विसरला नाहीत. याला वजन म्हणतात.

दगडफूल
निशाचर, वजन आहे हे कबूल. पण तुम्ही गॅब्रिएलचा चेहरा बघितलाय का त्या क्षणी? आधीच्या सगळ्या खेपांनी तिला शिकवलं होतं की प्रयत्न केले तर झीना परत येते. सहा वर्षं शिकवलं. मग शेवटी तिला सांगितलं की या वेळी प्रयत्नच करायचा नाही. माझा राग तिच्यासाठी आहे.

हातमाग
एक प्रामाणिक शंका. बफी दोनदा मेली असं सगळे म्हणतात, पण पहिली वेळ धरायची का? पाण्यात बुडाली, तिच्या मित्राने, झँडरने श्वास दिला, उठली. हे तर पोहायला गेलेल्या कुणाचंही होऊ शकतं.

बोरकूट
धरायची, आणि मालिकेनेच ती धरली आहे. एक स्लेयर (व्हॅम्पायर मारायला निवडली गेलेली मुलगी, बफी तीच) मेली की जगात दुसरी मुलगी स्लेयर होते, हा नियम. बफी पहिल्या सीझनच्या शेवटी (जून १९९७) मिनिटभर का होईना मेली, आणि दुसऱ्या सीझनमध्ये केंड्रा ही नवी स्लेयर दारात उभी. पुढे केंड्रा मेली, म्हणून फेथ आली. परंपरा फेथकडे गेली, म्हणून बफीच्या दुसऱ्या मरणाने नवी कुणीच आली नाही. मला ही मांडणी फार आवडते. मरण रद्द झालं तरी त्याचा हिशेब रद्द झाला नाही. एका मिनिटाच्या मरणाने दोन मुलींचं आयुष्य बदललं.

सातव्या सीझनमध्ये तर सरळच सांगितलंय की बफीला परत आणल्यामुळेच त्या आदिम दुष्टाला वाट मिळाली. बफीचा गुरू जाईल्स आणि तिच्या मित्रांतली आन्या ते ऐकतात, आणि आन्याला उमगतं की हे आपण केलं.

रातपाळी
हातमाग यांनी बुडण्याचा विषय काढला म्हणून लिहिते. मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात १४ वर्षं. बफी मला धाकट्या भावाने दाखवली, ड्यूटीवरून आल्यावर झोप लागायची नाही म्हणून.

पहिल्या सीझनमध्ये बफीचा व्हॅम्पायर प्रियकर एंजल तिथेच असतो पण तो तिला श्वास देऊ शकत नाही, कारण व्हॅम्पायरला श्वासच नसतो. देतो तो झँडर, ज्याच्याकडे कसलीच शक्ती नाही. बुडालेल्या माणसाला श्वास देणं फार महत्त्वाचं असतं, तेवढं त्यांनी बरोबर धरलं. ती पटकन उठते, कपडे ठीक करते, चालू लागते. तसं होत नाही, पण ते असो.

आता पाचव्या सीझनमधला तो भाग आठवा, जिथे बफी घरी येते आणि आई सोफ्यावर पडलेली असते. ती फोनवर विचारत विचारत छातीवर दाब देते. आणि बरगडी मोडल्याचा आवाज येतो. मी तिथे थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. तो आवाज मला माहीत आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटीमीटर खोल, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. आमच्याकडे नवीन मुली पहिल्यांदा हात काढून घेतात, त्यांना सांगावं लागतं, थांबू नकोस, दाबत राहा.

पूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. खोलीत खरंच असंच असतं. मशीन बंद केलं की बाहेरचा झाडूचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

केतकी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन भागांत आहे. छातीवरचे तेच हात, तोच श्वास. एकदा मैत्रीण उठली, एकदा आई उठली नाही. बफी परत येऊ शकते म्हणून तिच्या आईचं न येणं जास्त लागतं. उलट नाही.

टिकलीताई
रातपाळी, वाचून अंगावर काटा आला. नमस्कार तुला.

नदीकाठ
उशिरा आलो, पण क्लारासाठी भांडणार. शीर्षकात तिचं नाव घालून नंतर तिला विसरलात सगळे.

डॉक्टर हूमधली क्लारा ओस्वाल्ड पहिल्यांदा दिसते (२०१२) तेव्हा ती आधीच दालेक (यंत्राच्या कवचातला परग्रही) झालेली आहे आणि भागाच्या शेवटी जाते. त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात व्हिक्टोरियन गव्हर्नेस म्हणून भेटते, ढगावरून पडून मरते. प्रेक्षकाला वाटतं, हे काय चाललंय? २०१३ मध्ये उलगडा : डॉक्टरला (मालिकेचा काळातून फिरणारा नायक) वाचवायला तिने त्याच्या काळप्रवाहात उडी घेतली आणि तिचे हजारो तुकडे वेगवेगळ्या शतकांत जन्मले आणि मेले. म्हणजे पुन्हा पुन्हा मरणं हीच तिची गोष्ट आहे, लेखकाची पळवाट नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तिचं खरं मरण. दुसऱ्याचा मृत्यूचा शिक्का ती स्वतःवर घेते आणि जीव घ्यायला आलेल्या कावळ्यासमोर एकटी जाऊन उभी राहते. डॉक्टर तिच्यासाठी साडेचार अब्ज वर्षं एका किल्ल्यात भिंतीवर मुठी मारत काढतो, आणि मग तिला मरणाच्या आदल्या ठोक्याला उचलून आणतो. ती चालते, बोलते, पण नाडी लागत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत अडकलेली. आणि किंमत कोण देतं? डॉक्टर. तो तिला विसरतो. समोर बसलेली असते आणि ओळखत नाही.

निशाचर
नदीकाठ, क्लारावर आपलं जमणार नाही. कावळ्यासमोर ती दोन्ही हात पसरून उभी राहिली तिथेच मी तिला निरोप दिला होता. दोन आठवड्यांत तिला यानात बसवून फिरायला पाठवलं. केतकीताईंचा नियम लावायचा तर किंमत तिने द्यायला हवी होती.

नदीकाठ
तिला परत जायचंच आहे त्या गल्लीत, त्या कावळ्यापुढे. ती फक्त लांबच्या वाटेने जातेय. माझे वडील शेवटचं वर्ष असंच जगले. डॉक्टरांनी तारीख सोडून सगळं सांगितलं होतं. त्या वर्षात ते हंपी बघून आले, मासवडी करायला शिकले. क्लारा त्या यानाचं दार लावते तेव्हा मला बाबा दिसतात. याहून जास्त मला समजावता येणार नाही.

निशाचर
समजलं. मी तो भाग परत बघतो.

हातमाग
नदीकाठ, मासवडी हे अवांतर आहे पण विचारतोच, सारण चिकटून वडी फुटते त्याला काय करावं?

नदीकाठ
बेसनाचं पिठलं पातळ राहिलंय. ओल्या फडक्यावर गरम असतानाच थापा, आणि गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. बाबांनी पहिल्या तीन खेपा फोडल्या होत्या.

केतकीपान
मासवडीसह सगळं वाचलं, लेकीलाही निवडक वाचून दाखवलं. दगडफूल, तिला गॅब्रिएलचं फार वाईट वाटलं.

निशाचर म्हणतात तसं इथेच थांबायचं का यावर मी दोन रात्री विचार केला. सहाव्या सीझनमधलं मला विसरता न येणारं सांगते. मित्रांना वाटतं बफी कुठल्याशा नरकात तडफडतेय, म्हणून ते तिला परत आणतात. जाईल्सला सांगत नाहीत, स्पाइक या व्हॅम्पायरला सांगत नाहीत. मधेच हल्ला होतो, ते पळतात, आपलं फसलं असं समजतात. आणि ती तिकडे पेटीत जागी होते. मातीखाली, एकटी. कुणी उकरून काढत नाही, ती स्वतः नखांनी फोडून वर येते.

ती घरी येते तेव्हा सगळे तिला मिठ्या मारतात, प्रश्न विचारतात. तिच्या बोटांना काय झालंय हे कुणाला कळत नाही. जिन्यावरून उतरताना स्पाइक बघतो. तो स्वतः एकदा थडग्यातून तसाच वर आलेला आहे, म्हणून त्यालाच कळतं ही बोटं कशाने सोलली. ती विचारते मी किती दिवस नव्हते, आणि त्याला आकडा पाठ असतो. काल १४७ झाले होते, आज १४८. मित्रांना जे ती सांगू शकत नाही ते त्यालाच सांगते : मी नरकात नव्हते, जिथे होते तिथे मला शांत वाटत होतं, तुम्ही मला तिथून ओढून आणलंत.

आणि त्यापुढे काय, तर तळघरात पाइप फुटतो. प्लंबर म्हणतो सगळेच बदलावे लागतील. आईच्या दवाखान्यात पैसे संपलेले. जग वाचवणारी मुलगी बर्गरच्या दुकानात टोपी घालून उभी राहते. मला हे सगळ्यात खरं वाटतं. माझा एक मामा मोठ्या आजारातून उठला तेव्हा आम्ही पेढे वाटले, आणि तो पुढचं वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हता. आम्हाला राग यायचा. आज वाटतं, त्याच्या बोटांकडे कुणीच बघितलं नाही.

रातपाळी
केतकी, मामांबद्दल लिहिलंस ते वॉर्डात रोज दिसतं. वाचलेला पेशंट घरी जाताना हसत नाही तेव्हा नातेवाईक गोंधळतात. दाखव तुझ्या लेकीला. पण विलोची प्रेयसी टारा जाते तो भाग तिला एकटीने बघू देऊ नकोस.

बोरकूट
टारासाठी +१. बफीच्या वेळी ज्याला साकडं घातलं त्या ओसायरिस देवाला विलो परत बोलावते आणि तो नाही म्हणतो, कारण टारा जादूने मेली नाही, माणसाच्या गोळीने मेली. जे एकीसाठी झालं ते दुसरीसाठी होत नाही.

जुनाखोड
शाप लागला म्हणायचा. विद्या आहे, पण हवी तिथे फळत नाही.

केतकीपान
शेवटचं कळवते. काल सहाव्याचे पहिले तीन भाग पाहिले. पेटीच्या दृश्याला लेकीने माझा हात धरला आणि श्वास रोखून बसली. जिन्याचं दृश्य आलं, स्पाइकने बोटं बघितली, तेव्हा तिने रिमोट घेऊन थांबवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, ती परत येणार हे मला माहीत होतं. पण तिला यायचं नसेल हे मला कुठे माहीत होतं?"

आज शाळेतून आल्या आल्या विचारलं, मामाआजोबा रविवारी येतील का जेवायला. फोन केलाय. मासवडी करणार आहे, नदीकाठच्या कृतीने. हातमाग, फुटली तर इथेच येऊन सांगेन.